पाणी गुडघ्याला, पाणी कमरेला

गोदावरीला पूर आला की नाशिकमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं याचा आकडा येईल तेव्हा येईल. त्याआधी गोदाघाटावरून शहरभर निरोप जातो तो असा, की पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच टप्पे लोक एकमेकांना कळवत होते. दोन निरोपांच्या मधे पाणी चढत असतंच, पण त्याविषयी कोणी बोलत नाही. मधलं ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

वेबसाठी अ‍ॅनिमेशन शिकायला बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी हेच समजून घ्यावं लागतं. गुडघा, कंबर, छाती या टप्प्यांच्या चित्रांना सॉफ्टवेअरच्या भाषेत की-फ्रेम म्हणतात. दोन की-फ्रेमच्या मधली चित्रं संगणक भरून काढतो, त्याला ट्वीन म्हणतात. आपण टप्पे द्यायचे, मधलं यंत्राने रचायचं. पण ते मधलं यंत्रावर सोपवलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही, तिथूनच ती सुरू होते. माझ्या मते हे शिक्षण मुळात काळाचं शिक्षण आहे, चित्रकलेचं त्यामानाने थोडं, आणि संगणकाचं सगळ्यात कमी.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. पैसे भरून अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट घ्या किंवा फुकट मिळणारं सिनफिग, ओपनटून्झ घ्या, पडद्याची मांडणी साधारण सारखीच असते. मधोमध स्टेज, म्हणजे चित्र दिसणारी जागा. एका कडेला हत्यारं: ब्रश, पेन, रंगाचा डबा. दुसऱ्या कडेला निवडलेल्या वस्तूचे गुणधर्म. आणि वर किंवा खाली टाइमलाइन, एकेका फ्रेमचा एकेक चौकोन, ओळीने लावलेले. नवख्या माणसाची नजर हत्यारांवर जाते. ब्रश कसा चालतो, रंग कसा भरतो, हे सगळं करून बघावंसं वाटतं आणि सुरुवातीचे दिवस स्टेजवर चित्र काढण्यात जातात. चौकोनांची ओळ तशीच रिकामी राहते. खरं तर चित्र काढायला दुसरी कितीतरी साधनं आहेत. या सॉफ्टवेअरचं वेगळेपण त्या ओळीत आहे.

अ‍ॅनिमेटमध्ये एफ-५ दाबलं की आधीचं चित्र तसंच पुढे लांबतं. एफ-६ दाबलं की त्याची नक्कल घेऊन नवा टप्पा तयार होतो. एफ-७ दाबलं की कोरा टप्पा मिळतो. ही तीन बटणं आधी शिकावीत, ब्रशचे प्रकार नंतर. तीन बटणांमधला फरक बोटांना कळला की टाइमलाइनची भीती पुष्कळ कमी होते, आणि पहिलं छोटं काम हाती घेता येतं.

माझं पहिलं काम दुतोंड्या मारुतीचं होतं. चार लेयर घेतले: मागे घाट आणि देवळं, त्यापुढे मूर्ती, त्यापुढे पाणी, सगळ्यात पुढे काठाचा दगडी कठडा. पाणी म्हणजे मातकट रंगाचा एक आडवा आकार, वरची कड थोडी वळणावळणाची, थोडासा पारदर्शक, म्हणजे बुडालेला भाग अंधुक दिसत राहतो. सेकंदाला १२ फ्रेम असा वेग ठेवला. चार की-फ्रेम: पावलं, गुडघे, कंबर, छाती. मधे ट्वीन घातलं आणि चालवून बघितलं. पाणी वर चढलं, पण लिफ्ट वर जावी तसं चढलं. एकाच वेगाने निघालं, त्याच वेगाने थांबलं. पूर ज्याने पाहिलाय त्याचा या पाण्यावर क्षणभरही विश्वास बसणार नाही.

मग मूर्तीला, रंगाला, पाण्याच्या आकाराला हात न लावता फक्त टप्प्यांच्या जागा सरकवल्या. पावलांपासून गुडघ्यापर्यंत सहा सेकंद, गुडघ्यापासून कमरेपर्यंत दीड सेकंद, कमरेपासून छातीपर्यंत पुन्हा पाच. चित्रं तीच होती. तरी आता पडद्यावर आधी नुसता वाढत जाणारा पावसाळी प्रवाह होता, मग धरणातून एकदम सोडलेलं पाणी होतं, आणि शेवटी कडा हळूहळू वर येताना बघून घाटावरच्या टपऱ्या उचलायची घाई व्हावी असा तो धिमा चढ होता. जाणकार लोक दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला सांगतात: एखाद्या हालचालीला एकूण किती वेळ लागतो, आणि त्या वेळात ती कुठे दाट होते, कुठे विरळ. पहिल्याला टायमिंग म्हणतात, दुसऱ्याला स्पेसिंग. डिस्नेच्या स्टुडिओत आयुष्य घालवलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली, त्यांतल्या निम्म्याअधिक तत्त्वांचं मूळ या दोन गोष्टींत सापडतं.

स्पेसिंगसाठी सॉफ्टवेअरमध्ये ईझिंगचा आलेख असतो. आडवी बाजू वेळेची, उभी बाजू हालचालीची. सरळ रेषा ठेवली तर एकसारखा वेग. रेष सुरुवातीला सपाट ठेवून नंतर उचलली तर वस्तू रेंगाळत निघते आणि वेग घेते. उलट केलं तर झपाट्याने निघून अलगद थांबते. ही रेष वाकवायला जी दोन टोकं ओढावी लागतात, त्यांचं गणित वेबसाठी तयार झालेलं नाही. फ्रान्समधल्या रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारींच्या पत्र्याची वळणं नेमकी आखता यावीत म्हणून ते वापरात आणलं, आणि त्यांच्या आधी सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो त्याच वाटेने गेले होते. आज वेबपानावरचं बटण अलगद सरकतं त्यामागे हीच वक्ररेषा असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्र्याच्या डायवर काम करणाऱ्या माणसाला ती कदाचित लवकर समजेल. त्याच्या हाताला वळण माहीत असतं.

हे सगळं पडद्यावर शिकता येतं, पण पडद्यावर ते उशिरा कळतं. कारण यंत्र मधली चित्रं इतक्या सहज भरून देतं की ती कुणीतरी ठरवायची असतात हेच विसरायला होतं. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी थोडे दिवस हाताने काम करावं असं मला ठामपणे वाटतं. या वाटेने जाणारा पहिला माणूस याच जिल्ह्यातला होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात नकाशे-चित्रं काढण्याची नोकरी, लोणावळ्याला छपाईचा उद्योग, असं बरंच काही करून झाल्यावर वयाच्या चाळिशीत त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि ते नव्याने विद्यार्थी झाले. त्यांच्या चरित्रातला हा भाग मला ‘राजा हरिश्चंद्र’च्या यशाहून मोलाचा वाटतो. शिकवणारं कोणी नव्हतं. ते रोज चित्रपट बघत, घरी स्वस्तातल्या उपकरणांवर प्रयोग करत. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टी गेली. उपचारांनंतर ती परत आली आणि ते पुन्हा कामाला लागले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ पाहिला, काम कसं चालतं ते समजून घेतलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि दोन महिन्यांत परत आले.

परतल्यावर भांडवल देणाऱ्यांना दाखवायला त्यांनी जे केलं ते म्हणजे काळाचाच पाठ होता. कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, कॅमेरा त्यापुढे रोखून ठेवला, आणि ठरावीक अंतराने थोडं थोडं चित्रण करत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत दिसली: माती फुटते, कोंब वर येतो, पानं उलगडतात, वेल आधार शोधतो. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही फिल्म ओळखली जाते. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे ती गोष्ट घरोघरी पोचली. भांडवल मिळालं, ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ नाशिकमध्ये तयार झाले.

मग युद्ध सुरू झालं. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले होते. ते परतले तेव्हा पैशांचा ओघ आटलेला होता आणि परदेशातून येणारी कच्ची फिल्म मिळवणं अवघड झालं होतं. मोठा चित्रपट करणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांनी छोट्या फिल्मा केल्या. १९१५ सालची ‘आगकाड्यांची मौज’ ही त्यांतली एक. काडेपेटीतल्या काड्या आपल्या आपण हलतात, आकार धरतात, मोडतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांची अशीच फिल्म केली होती आणि त्याच वर्षी शेकडो चित्रं हाताने काढून ‘फँटास्मागोरी’ही, फाळक्यांना स्फूर्ती तिथून मिळाली असं अभ्यासक मानतात. नाशिकची फिल्म आज उपलब्ध नाही. भारतातल्या अ‍ॅनिमेशनचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण सुरुवात मात्र तिच्यापासूनच करतात.

ती कशी केली असेल, याचा हिशेब मांडता येतो. मूकपटाचा वेग साधारण सेकंदाला १६ चित्रांचा. म्हणजे एका मिनिटासाठी ९६० चित्रं. प्रत्येक चित्राआधी काडी किंचित सरकवायची, हात बाहेर काढायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हात आत. मधेच काडीला धक्का लागला की मागचं काम वाया. दिव्याचा उजेड हलला की पडदा लुकलुकणार. आणि निकाल काय लागला हे फिल्म धुतल्याशिवाय कळत नाही. फाळक्यांकडे जादूगाराचा हात होता, आपलंच नाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करत. पण या कामात हातचलाखीपेक्षा मोजमाप जास्त लागतं. काडी प्रत्येक वेळी किती सरकवायची हे त्यांनाच ठरवावं लागलं असणार; त्यांच्याकडे ट्वीन नव्हतं. घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंतची कामं त्या शिकल्या आणि केल्या. त्या काळातल्या कुठल्याही तांत्रिक शाळेत त्यांना प्रवेश मिळाला नसता. देशातल्या पहिल्या चित्रपट तंत्रज्ञांमध्ये त्यांचं नाव आपण अजून पुरेशा आवाजात घेत नाही.

हा पाठ आज मोबाइलवर करता येतो. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर उलटा ठेवायचा, कॅमेरा खाली टेबलाकडे. पडदे लावून घ्यायचे आणि ट्यूबलाइटमध्ये काम करायचं, कारण खिडकीतलं ऊन सरकतं आणि प्रत्येक फोटोचा उजेड बदलतो. फोकस आणि एक्स्पोजर एकदा ठरवून कुलूपबंद करायचं. सेकंदाला १२ फोटो धरले तर पाच सेकंदांच्या फिल्मला ६० फोटो पुरतात. एक काडी टेबलाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत न्यायची, एवढंच काम. आधी प्रत्येक वेळी सारख्याच अंतराने सरकवायची. मग दुसऱ्यांदा करायचं: सुरुवातीला केसभर, मग बोटभर, मधे दोन बोटं, शेवटी पुन्हा केसभर. पहिल्या फिल्ममध्ये काडी ढकलली जातेय असं वाटतं. दुसरीत ती स्वतः चाललीय असं वाटतं. एवढं बघितल्यावर ईझिंगचा आलेख कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

फाळक्यांनंतर मराठी माणसं या कलेत अधूनमधून भेटत राहतात. पुण्याच्या प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट केला. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहिला, डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’मागे विजया मुळे होत्या, आणि त्याचं अ‍ॅनिमेशन भीमसेन यांनी केलं होतं. हा सगळा काळ स्टुडिओचा होता. घरी बसून एकट्याने अ‍ॅनिमेशन करण्याची सोय त्यात नव्हती.

ती सोय फ्लॅशने दिली. १९९६ साली फ्यूचरवेव्ह या छोट्या कंपनीने फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर नावाचं सॉफ्टवेअर आणलं. जोनाथन गे हे त्यामागचे मुख्य प्रोग्रामर. वर्षअखेरीस मॅक्रोमीडियाने कंपनी घेतली आणि त्याचं नाव फ्लॅश झालं. त्याची किमया साधी होती. चित्र ठिपक्यांनी न साठवता रेषांच्या गणिताने साठवायचं, त्यामुळे फाइल इतकी लहान होते की टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटवरही ती चालते. सायबर कॅफेच्या दिवसांत दिवाळीची हलती शुभेच्छापत्रं पाठवली गेली ती याच जोरावर. क्लासेसमध्ये फ्लॅश शिकवलं जाऊ लागलं, कितीतरी मुलांचा पहिला पगार त्यातून आला. २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नको ते सांगितलं: सुरक्षितता, बॅटरी, स्पर्शाच्या पडद्यासाठी नसलेली रचना, एकाच कंपनीची मालकी. त्यानंतर फ्लॅशची उतरण लागली. २०१६ मध्ये सॉफ्टवेअरचं नाव बदलून अ‍ॅनिमेट झालं, ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फाइल चालवणंच बंद केलं.

एका पिढीचं काम त्या दिवशी वेबपानांवरून नाहीसं झालं. इंटरनेट अर्काइव्हने रफल नावाच्या मुक्त प्रोग्रामच्या आधारे बऱ्याच फ्लॅश फाइल पुन्हा चालू करून ठेवल्यात, हे मोठं उपकाराचं काम आहे. पण मराठी शुभेच्छापत्रं, शाळांनी केलेले छोटे पाठ, हौशी लोकांच्या फिल्मा यांतलं किती तिथे पोचलं असेल? कुणाच्या जुन्या सीडीवर किंवा बंद पडलेल्या संगणकावर असं काही असेल तर ते फेकू नका, एवढी मनापासून विनंती. ‘आगकाड्यांची मौज’ आपण एकदा गमावलेली आहे.

नवख्याने यातून एक गोष्ट घ्यावी: मूळ फाइल आणि तयार फाइल दोन्ही जपून ठेवावीत, आणि शिकताना शक्यतो असं साधन निवडावं जे एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. आज असं साधन ब्राउझरमध्येच आहे. एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या गणिताने लिहिलेलं चित्र, २००१ पासून वेबचं अधिकृत मानक आहे. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत थेट ‘कीफ्रेम्स’ लिहिता येतात: शून्य टक्क्याला पाणी इथे, चाळीस टक्क्यांना तिथे, शंभर टक्क्यांना छातीला. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दहा-बारा ओळी लिहिल्या की मारुतीचं पाणी चढू लागतं, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. पुढे जायचं असेल तर जीसॅप नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, २०२५ पासून ती पूर्ण मोफत झाली. आणि २०१७ मध्ये एअरबीएनबीच्या लोकांनी आणलेलं लॉटी आहे. मोबाइल अ‍ॅपमध्ये पैसे पोचल्यावर हिरवी खूण उमटते, अशा कामांसाठी ते सर्रास वापरतात.

लॉटीला हे नाव जर्मन चित्रपटकार लोट्टे रायनिगर यांच्यावरून दिलेलं आहे. काळ्या कागदाच्या आकृत्या कापून, त्यांचे सांधे तारेने जोडून, एकेक चित्र घेत त्यांनी १९२६ मध्ये ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर कलावंत कातड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवतात. त्या बाहुलीचा हात खांद्याशी कुठे टोचून जोडलाय ते नीट बघितलं तर सॉफ्टवेअरमधला ‘पिव्हट’ लगेच कळतो. हाताचं चित्र वेगळं, आणि ते ज्याच्याभोवती फिरतं तो बिंदू वेगळा. तो बिंदू खांद्यावर नेऊन ठेवला नाही तर हात स्वतःच्या मध्याभोवती पंख्यासारखा फिरतो. नवख्यांच्या कामात हा पंखा हमखास दिसतो.

आता मराठीत काम करणाऱ्याची खास अडचण सांगतो, कारण ती इंग्रजी किंवा हिंदी व्हिडिओंमध्ये क्वचितच कोणी सांगतं. अक्षरं एकेक करून पडद्यावर येणं हे वेबवरचं आवडतं अ‍ॅनिमेशन. त्यासाठी शब्दाचे तुकडे केले जातात. तयार कोड घेऊन ‘नाशिक’ टाका. संगणकाच्या हिशेबात त्यात पाच चिन्हं आहेत: न, काना, श, वेलांटी, क. कोड त्या पाचांना वेगळं करतो. काना एकटा तरंगतो, त्याला टेकायला ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. वेलांटी साठवलेली असते श च्या नंतर, दिसते मात्र आधी. त्यामुळे टाइपरायटरसारखं अ‍ॅनिमेशन लावलं तर आधी श येतो आणि मग वेलांटी उडी मारून त्याच्या डावीकडे बसते. ‘त्र्यंबक’ घ्या. डोळ्याला तीन अक्षरं, संगणकाला आठ चिन्हं, त्यांतले दोन हलंत.

उपाय आहे. ब्राउझरमध्ये आता ‘सेगमेंटर’ नावाची सोय आहे, ती चिन्हांऐवजी अक्षरं ओळखून तुकडे करते. तिच्याकडून ‘नाशिक’चे ना, शि, क असे तीन तुकडे मिळतात. जोडाक्षरं एकत्र ठेवण्याचा देवनागरीसाठीचा नियम मात्र युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये ‘त्र्यं’ अजूनही फुटतो. शिवाय तुकडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवले की शिरोरेषा तुटते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी तुटते. म्हणून मराठीत मी शब्दाचे तुकडे करतच नाही. अख्खा शब्द हलवतो, किंवा शब्दावर झाकण ठेवून ते डावीकडून उजवीकडे सरकवतो. शिरोरेषा अखंड उघडत जाते आणि ते दिसायलाही देखणं दिसतं.

अक्षर आपलं आपण लिहिलं जातंय असं दाखवायचं असेल तर आणखी एक अडचण. फाँटमध्ये अक्षराची बाह्यरेषा असते, बोरूचा मार्ग नसतो. त्यामुळे तयार युक्ती लावली की अक्षराच्या कडेकडेने रेघ पळते. खरं लिहिल्यासारखं दिसायला अक्षराच्या मधोमध जाणारी रेघ आपण स्वतः काढायची आणि तिला झाकण म्हणून वापरायचं. त्या वेळी क्रम पाळावा: आधी उभी-आडवी वळणं, मग मात्रा, शेवटी शिरोरेषा, जसं शाळेत गिरवलं तसं. हा क्रम उलटा दिसला तर मराठी डोळ्याला कारण न कळताही खटकतं. आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहायला विसरू नये, कारण चांगल्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि ते त्या खुणेवरूनच निवडले जातात.

वजनाचंही बघावं लागतं. नाशिक शहरात वेगवान वायफायवर छान चाललेलं अ‍ॅनिमेशन सुरगाण्याला किंवा पेठला साध्या मोबाइलवर अडखळू शकतं. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी ब्राउझरला १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. वस्तूची जागा बदलण्यासाठी ‘ट्रान्सफॉर्म’ वापरलं तर काम हलकं होतं. ‘टॉप’ आणि ‘लेफ्ट’ बदलत बसलं तर अख्ख्या पानाची मांडणी पुन्हा पुन्हा करावी लागते. काही माणसांना पडद्यावरच्या हालचालीने गरगरतं, मळमळतं. अशांसाठी फोनमध्ये हालचाल कमी करण्याची खूण असते आणि सीएसएसमध्ये ती ओळखण्याची सोय आहे. ती पाळणं हा सौजन्याचा भाग आहे आणि त्याला तीन-चार ओळी लागतात.

एवढं सगळं शिकायला मराठीत काय आहे? तुटक व्हिडिओ आहेत, त्यांतले काही फार चांगले आहेत. पण पहिल्या दिवसापासून हात धरून नेणारं, देवनागरीच्या अडचणी गृहीत धरून लिहिलेलं, फुकट आणि सलग असं काही माझ्या पाहण्यात नाही. क्लासची फी भरू शकणाऱ्या मुलांना सॉफ्टवेअर शिकवलं जातं, इंग्रजी शब्दांत. चांदवडच्या किंवा कळवणच्या शिक्षकाला जलचक्राचं किंवा पानाच्या छिद्रांचं पाच सेकंदांचं अ‍ॅनिमेशन करायचं असेल तर त्याने कुठून सुरुवात करायची? त्याला नोकरीसाठी हे शिकायचं नाही, वर्गातल्या पोरांसाठी शिकायचंय.

फाळक्यांनी हा प्रश्न त्यांच्या काळात नुसता स्वतःपुरता सोडवला नाही, इतरांसाठीही सोडवला. १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी फिल्म केली. तिचे काही तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात टिकून आहेत, त्यांत ते स्वतः काम करताना दिसतात. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली, मराठीत. धंद्याचं गुपित राखून ठेवायचा तो काळ होता, तरीही त्यांनी ते सांगितलं. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्येच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे शाळांच्या सहली येतात.

त्या स्मारकात एक खोली मुलांच्या हातांसाठी असावी असं मला वाटतं. सहा-सात टेबलं, वर मोबाइल अडकवायला पक्के स्टँड, न बदलणारा उजेड, आणि शेजारी एक पडदा, ज्यावर केलेलं लगेच बघता येईल. खर्च फार नाही. गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे, घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी मराठीत पुस्तकं काढण्याचा त्यांना १९८९ पासूनचा अनुभव आहे. वेब अ‍ॅनिमेशनची पहिली पुस्तिका त्यांनी काढावी. तिच्या पहिल्या प्रकरणात टाइमलाइन असावी, दुसऱ्यात ईझिंग, तिसऱ्यात शिरोरेषा न तोडता मराठी शब्द कसा हलवायचा ते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी फाइल उतरवून घेण्याची सोय असावी, म्हणजे शिक्षकाला ती उघडून, त्यातले टप्पे सरकवून, आपल्या वर्गासाठी वापरता येईल.